टॅलीत सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे? मग हे वाचा

आमचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, बसणारे चार जण आणि चौघांचा पासवर्ड एकच, तोही मॉनिटरला चिकटवलेला. जीएसटीआर वन, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरून झालं आणि नंतर कोणीतरी मागच्या महिन्याचं सेल्स बिल उघडून रेट बदलला, ताळा लागेना, सीएचे फोनवर फोन, आणि विचारावं तर जो तो म्हणतो मी नाही बाबा. सगळे एकाच नावाने आत शिरतात म्हटल्यावर धरणार कोणाला.

तर टॅली प्राइममध्ये ऑल्ट के दाबून अल्टरमध्ये कंपनी उघडा, तिथे 'कंट्रोल यूजर ॲक्सेस टू कंपनी डेटा' ला यस करा. आता जे नाव-पासवर्ड मागेल ते ॲडमिनचं, ते शेठकडेच राहू दे, अकाउंटंट कितीही जुना असला तरी. मग परत ऑल्ट के, यूजर रोल्स. आधी रोल, म्हणजे कोणाला काय करता येईल याचा साचा, बनवायचा आणि मगच 'यूजर्स अँड पासवर्ड्स' मध्ये माणसांची नावं टाकायची, उलटं केलंत तर हेलपाटा. रोल टॅलीतल्या तयार 'डेटा एंट्री' रोलवरून बनवला की बरंच काम होतं, पुढे कशाला मनाई आणि कशाला परवानगी याचे दोन रकाने भरायचे. आमच्या डिस्पॅचच्या पोराला फक्त स्टॉक बघायला दिलाय, बिल बदलायचं त्याला काय काम?

खरी गंमत त्याच रोलच्या स्क्रीनवर आहे आणि लोक नेमकी तीच सोडून पुढे जातात. बॅकडेटेड व्हाउचरची, म्हणजे मागच्या तारखेच्या एंट्रीची, कट-ऑफ तारीख. तिथे तारीख टाकली की त्या रोलवाल्याला तिच्या आधीच्या एंट्रीला हात लावता येत नाही. रिटर्न भरलं की दर महिन्याला ती पुढे सरकवायची, ॲडमिननेच. आणि हे सेटिंग शनिवारी निवांत करा, दहा तारखेला नको, अकरा तारखेच्या रिटर्नच्या गडबडीत सगळ्यांचं लॉगिन अडकलं तर शिव्या तुम्हालाच.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर एडिट लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, चालू हवाच, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना तो कायद्याने बंधनकारक आहे. प्रोप्रायटरला सक्ती नाही, तरी मी म्हणेन लावा, कोणी काय बदललं ते नावासकट दिसतं. म्हणून तर वेगवेगळी नावं हवीत ना.

एक मात्र लक्षात घ्या, या पासवर्डने डेटाचा फोल्डर काही लॉक होत नाही, शेअर केलेला फोल्डर कोणीही पेनड्राइव्हवर घेऊन जाऊ शकतो. त्यासाठी टॅली व्हॉल्ट आहे, त्याने डेटा एन्क्रिप्ट होतो. पण व्हॉल्टचा पासवर्ड विसरलात तर तो परत मिळत नाही, टॅलीवाल्यांकडूनही नाही. आमच्या शेठनी तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवलाय आणि वहिनींना सांगून ठेवलंय.