एलएफपी बॅटरीची गाडी गोव्यात घरी चार्ज करताना

टेस्लाने 2020 मध्ये शांघायला बनणाऱ्या मॉडेल थ्रीमध्ये स्वस्त, टिकाऊ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घातली. आपल्याकडच्या नेक्सॉन ईव्हीतही एलएफपीच आहे. ‘रोज 80 टक्क्यांवर थांबा’ हा नियम एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीचा. तो इथे लावू नका. एलएफपी सेलचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात 3.2 ते 3.3 व्होल्टवर जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे चार्ज किती उरलाय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. मग स्क्रीनवर 15 टक्के दिसत असताना चोर्ला घाटात दम जातो. आठवड्यातून एकदा, संथ चार्जरवर, पूर्ण 100 टक्के कराच, म्हणजे हा अंदाज पुन्हा जुळतो.

16 अँपिअरच्या सॉकेटला मीटरपासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. तासन्‌तास 15 अँपिअर ओढल्यावर पिना वितळतात.

खरी गोम अर्थिंगची. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडली की अर्थिंगचा विद्युत रोध वाढतो आणि चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. लोक चार्जर बदलायला निघतात! आधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा. चाललं, तर वायरमनकडून खड्डा खोल करून घ्या.