सीनियर पोर्ट्रेटची तयारी: इयरबुकच्या तारखेपासून पैठणीच्या पदरापर्यंत

अमेरिकेत मूल अकरावी संपवून बारावीच्या, म्हणजे सीनियर वर्षाच्या उंबरठ्यावर आलं, की सीनियर पोर्ट्रेटसाठी, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या खास फोटोसाठी, फोटो स्टुडिओचं पत्र किंवा ईमेल येतं. भारतात शिकलेल्या आईबाबांच्या लेखी बारावीचा फोटो म्हणजे फॉर्मवर चिकटवायचा पासपोर्ट साइझ. म्हणून पत्र बाजूला पडतं आणि शाळा सुरू झाल्यावर धावाधाव होते.

मुळात हे दोन वेगळे फोटो असतात. एक इयरबुकचा, म्हणजे विद्यार्थ्यांचे फोटो असलेल्या शाळेच्या वार्षिक पुस्तकाचा. बऱ्याच शाळांत तो शाळेने ठरवलेल्या स्टुडिओतच काढावा लागतो. मुलींच्या खांद्यांवर काळं ड्रेप (लपेटायचं कापड), मुलांना टक्सिडोचा कोट आणि बो टाय. हे सगळं सहसा स्टुडिओच देतो. दुसरा फोटो हौसेचा: आपल्या पसंतीचा फोटोग्राफर, आपले कपडे, बाग किंवा समुद्रकिनारा. दुसरा राहिला तर काही बिघडत नाही. पहिला चुकला तर इयरबुकात नावापुढची चौकट रिकामी राहू शकते. म्हणून सुरुवात पहिल्यापासून.

१. तारीख आणि नियम. शाळेला तीन गोष्टी विचारा: फोटोची शेवटची तारीख कोणती, बाहेरच्या फोटोग्राफरचा फोटो चालतो का, आणि चालत असेल तर अटी काय. उभा फोटो, फक्त डोकं आणि खांदे, साधी पार्श्वभूमी, ३०० डीपीआय (छपाईसाठी लागणारी फोटोची स्पष्टता) अशा अटी नेहमीच्या. त्या बुकिंगच्या वेळीच फोटोग्राफरच्या कानावर घाला. झाडाखालचा सुंदर फोटो परत येतो तो यातलंच काही राहून गेल्यामुळे. सिटिंग फी, म्हणजे फोटो काढण्याचे पैसे, भरली म्हणजे प्रिंट मिळाल्या, असंही नसतं. त्यांचे पैसे बहुधा वेगळे.

२. वेळ. बाहेरच्या फोटोसाठी सूर्यास्ताआधीचे दीड-दोन तास धरा. दुपारी ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि मूल डोळे बारीक करतं. न्यू जर्सीत जूनअखेरीस सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहालाच. पानगळीचे रंग हवे असतील तर शाळा सुटल्यावर फारसा उजेड उरत नाही, तेव्हा शनिवार-रविवार आधीच धरून ठेवा. ढगाळ दिवस आला म्हणून सेशन रद्द करू नका. तो प्रकाश चेहऱ्याला उलट मानवतो. बागेत परवाना लागतो का, हेही फोटोग्राफरला विचारून ठेवा.

३. कपडे. दोन-तीन जोड पुरे. पाच नेले तर निम्मा वेळ कपडे बदलण्यात जातो. बारीक रेघा आणि बारीक चौकडी टाळा. डिजिटल फोटोत त्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. झगझगीत पोपटी किंवा नारिंगी रंगाची झाक हनुवटीखाली पडते. प्रत्येक जोड आठवडाभर आधी घालून बसून, वाकून, हात वर करून बघा. उभ्याने छान दिसणारा शर्ट बसल्यावर बटणांपाशी फाकतो.

साडी नेसायची असेल तर ब्लाउज महिनाभर आधी कपाटातून काढून घालून बघा. आईचा ब्लाउज लेकीला घट्ट झाला तर शिवणीत माया आहे का बघा. असेल तर उसवून सैल करता येतो. साडी घरूनच नेसून निघा आणि तो जोड पहिला ठेवा, कारण बागेच्या स्वच्छतागृहात निऱ्या नीट बसत नाहीत. पैठणीच्या पदराच्या चुण्या खांद्यावर पिन केल्या की मोर घडीत गडप होतात. चार-सहा फोटो पदर मोकळा सोडून, हातावर घेऊन काढायला सांगा. समोरून थेट फ्लॅश मारला तर पैठणीची जर पांढरी पडते, बाजूचा उजेड बरा. दाबाची नथ कॅमेऱ्यासमोरच घाला, नाहीतर नाकावर लाल वण उठतो. टोकदार टाचा हिरवळीत रुततात.

तबला, टेनिसची रॅकेट, घुंगरू, जे मुलाचं खरंच आहे ते एकच घ्या. गिटार येत नसेल तर हातातली बोटंच ते सांगतात.

४. चेहरा आणि केस. केस कापायचे ते दहा-पंधरा दिवस आधी. भुवयांचं थ्रेडिंग तीन-चार दिवस आधी, म्हणजे लाली ओसरते. नवं फेशियल किंवा क्रीम त्या आठवड्यात नको. मुरूम आला तर फोडू नका. मुरूम एडिटिंगमध्ये सहज जातो, फोडलेल्याची खपली तितकी सहज जात नाही. लग्नाची मेंदी असेल तर ती पूर्ण जाऊ द्या, कारण अर्धी उतरलेली मेंदी फोटोत डागांसारखी दिसते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचांचा चष्मा असेल तर साध्या काचांचा जुना चष्मा बरोबर घ्या. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन फ्लॅशखाली चेहरा पांढुरका करू शकतं.

५. त्या दिवशी. पोटभर खाऊन निघा. सेफ्टी पिना, कंगवा, टिश्यू, पाणी, सपाट चपला घ्या. मनगटावरचा हेअरबँड, स्मार्टवॉच आणि खिशातला फोन काढून ठेवायला सांगा. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच. आईबाबांनी फोटोग्राफरच्या मागे उभं राहून “हस ना जरा” म्हणू नये. मुलाची नजर तिकडे वळते आणि हसू गोठतं.

पदवीदानाच्या पोशाखातही फोटो काढायचे असतील आणि त्यातली कॅप आणि गाऊन (टोपी आणि झगा) पॉलिएस्टरचे असतील तर वाफेने किंवा अगदी मंद इस्त्रीने घड्या काढा, गरम इस्त्रीला ते चिकटतात. पदवीदानाआधीच्या फोटोत गोंडा टोपीच्या उजव्या बाजूला ठेवायची रीत आहे.

६. ऑर्डर. डिजिटल फाइल विकत घेतली तरी कॉपीराइट सहसा फोटोग्राफरकडेच राहतो, म्हणून प्रिंट काढायची लेखी परवानगी मागून घ्या. कॅमेऱ्याची चौकट बहुधा ३:२ असते. ८×१० इंचांत ती बसवताना कडा कापल्या जातात, ८×१२ मध्ये नाही. पुण्यातल्या आजीसाठी फ्रेम करायची असेल तर फाइल पाठवून तिथेच ८×१२ प्रिंट काढून घ्या.