‘क्वालिटी ऑफ लाईफ’चा टॉपिक घेताय? मग फॉर्म वाटण्याआधी हे वाचा

फायनल इयरचे रिसर्चचे ग्रुप पडले की निम्म्या ग्रुपना एकच टॉपिक हवा असतो: नर्सिंग विद्यार्थ्यांची क्वालिटी ऑफ लाईफ, म्हणजे जीवनमान. कारण उघड आहे. सॅम्पल हॉस्टेलमध्येच बसलेलं असतं. मी नाशिकमध्ये क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे, असे प्रोजेक्ट गाईड करते, आणि टॉपिकला माझी ना नाही. पण शेवटी ‘अमुक टक्के विद्यार्थ्यांचे जीवनमान मध्यम’ एवढं एक वाक्य लिहून बाइंडिंगला टाकायचं असेल, तर त्यापेक्षा हात धुण्यावर करा.

आधी टूल, म्हणजे मोजायची तयार प्रश्नावली. ईक्यू-५डी छोटं आहे, पाचच प्रश्न: चालणं-फिरणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना, चिंता-उदासी. तेही ‘आज’ कसं आहे एवढंच विचारतं. वीस वर्षांच्या धडधाकट पोरी पहिल्या तिन्हीला ‘काही त्रास नाही’ म्हणणार, मग मोजलं काय? एसएफ-३६ मध्ये ३६ प्रश्न, तब्येतीभोवती फिरणारे. आपल्या कामाला मला जागतिक आरोग्य संघटनेचं डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ बरं वाटतं. प्रश्न २६, काळ गेल्या दोन आठवड्यांचा, भाग चार: शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध आणि परिसर. परिसरात पैसा, सुरक्षितता, राहण्याची जागा, विरंगुळा, येण्याजाण्याची सोय हे सगळं येतं. सकाळच्या ड्यूटीला म्हसरूळहून सिटीलिंकच्या शहर बसने सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, गाठणाऱ्या मुलीचं अर्धं जगणं तिथेच आहे. टूल परवानगी मागून घ्या, मराठी फॉर्म हवा असेल तर अधिकृत प्रतच वापरा. रूममेटकडून घरगुती भाषांतर नको. आणि आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे म्हणून एथिक्सचं, म्हणजे अभ्यासाला नैतिक मंजुरीचं, पत्र आपोआप येत नाही, ते एथिक्स समितीकडून रीतसर घ्यायचं.

स्कोअरिंगला घाई करू नका. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, जास्त म्हणजे चांगलं. पण ३, ४ आणि २६ हे तीन प्रश्न उलटे आहेत: वेदनेची अडचण, उपचारांची गरज, उदासी-चिंता. त्यांचं उत्तर ६ मधून वजा करायचं.

एक उदाहरण हाताने करून बघा. शारीरिक भागात सात प्रश्न: ३, ४, १०, १५, १६, १७, १८. समजा नाईट ड्यूटी करून आलेल्या मुलीने त्याच क्रमाने २, १, २, ५, २, ३, ३ अशी उत्तरं दिली. पहिली दोन उलटली की ४ आणि ५ होतात. बेरीज २४, सरासरी ३.४३, त्याला ४ ने गुणलं की १३.७१. त्यातून ४ वजा करून ६.२५ ने गुणा: ० ते १०० च्या मापावर जवळपास ६१. उलटायचं राहिलं तर बेरीज १८ आणि स्कोअर ३९. मुलगी तीच, झोप तीच. एक्सेलला काही कळत नाही, तो दोन्ही आकडे तितक्याच आनंदाने देतो.

चारही भागांची बेरीज करून एक टोटल काढू नका. पहिले दोन प्रश्न, म्हणजे एकूण जगणं कसं वाटतं आणि तब्येतीबद्दल समाधान किती, हे कुठल्याच भागात जात नाहीत, ते वेगळे दाखवा. सहा किंवा जास्त उत्तरं कोरी असतील तर तो फॉर्म बाजूला ठेवा. २१ वा प्रश्न लैंगिक जीवनाबद्दल आहे. हॉस्टेलमध्ये तो बऱ्याच जणी कोरा सोडतात, काही खुदकन हसतात. जबरदस्ती करू नका, पण प्रश्न गुपचूप खोडूही नका. किती जणींनी सोडला ते रिपोर्टमध्ये लिहा. सामाजिक भागात तीनच प्रश्न आहेत, त्यातला एक गेला की तो स्कोअर लंगडा होतो.

फॉर्म कधी वाटता यावर सगळं आहे. सुरगाणा, पेठ, कळवणच्या मुली दिवाळीला घरी जाऊन आल्या की पहिल्या आठवड्यात वाटलेला फॉर्म आईच्या हातच्या जेवणाचं मोजमाप करतो, हॉस्टेलचं नाही. सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर वाटला तर परीक्षेचं. गेले दोन आठवडे सगळे वॉर्डात होते की थिअरी ब्लॉकमध्ये, नाईट होती का, हे दोन रकाने फॉर्मवर जरूर ठेवा.

फॉर्म वर्गशिक्षिकेने गोळा करायचे नाहीत. इंटर्नल मार्क जिच्या हातात, तिला ‘मी खूश नाही’ कोण लिहून देईल? झाकणाला चीर पाडलेला ग्लोव्हजचा खोका दाराशी ठेवा, बस. नाव, रोल नंबर नको हे सगळ्यांना माहीत असतं. पण वर्गात मुलगे तीन असतील आणि तुम्ही लिंग, वर्ष आणि तालुका तिन्ही विचारलेत, तर नाव विचारल्यातच जमा. तालुका काढा.

निनावी फॉर्मची एक अडचण आहे. कुणी उदासी-चिंतेच्या २६ व्या प्रश्नाला ‘नेहमी’वर खूण केली तरी तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून फॉर्मसोबत प्रत्येकीला वेगळी चिठ्ठी द्या: टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फॉर्म न भरणाऱ्यांनाही द्या.

शिकण्याशी सांगड घालायची असेल तर सोबत ड्रीम घ्या: शिकण्याचं वातावरण मोजणारे ५० प्रश्न, एकूण २०० गुण, त्यातही नऊ उलटे. दोन्ही एकदम दिले तर शेवटच्या पानावर सगळे डोळे मिटून ‘३’ लावतात, म्हणून मधे एक दिवस जाऊ द्या; दोन्ही फॉर्म जुळवायला प्रत्येकीला स्वतःच ठरवलेला एक कोड लिहायला सांगा. आणि स्कोअर सोबत चढले-उतरले म्हणून ‘वातावरणामुळे जीवनमान घटले’ लिहू नका. एकदाच मोजून कारण कळत नाही.

रिपोर्ट झाल्यावर प्राचार्यांकडे सरासऱ्यांचा तक्ता नेऊ नका, कुणी वाचत नाही. १६ वा झोपेचा आणि २५ वा वाहतुकीचा प्रश्न वेगळे काढा, नाईट केलेल्या आणि न केलेल्यांचे आकडे शेजारी मांडा, एका कागदावर. नाईटनंतरच्या सकाळी लेक्चर ठेवू नका आणि बसची वेळ बघून हजेरी घ्या, या दोन मागण्या त्याच कागदाच्या खाली लिहा. वॉर्डनलाही एक प्रत द्या. नाईट करून आलेल्यांचा नाश्ता झाकून ठेवायचा की नाही, हे त्यांच्याच हातात असतं.