सुरक्षित गर्भपाताच्या सेवेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या स्थानिक संघटनेने पाठपुरावा कसा करावा

गर्भपाताचा कायदा भारतात १० ऑगस्ट १९७१ रोजी संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. चोरून केलेल्या गर्भपातांमुळे स्त्रिया दगावत होत्या, म्हणून १९६४ मध्ये शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती आणि तिच्या १९६६ च्या अहवालातून हा कायदा आला. तरीही २०१५ या वर्षासाठी केलेल्या अभ्यासात, ज्यात मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचाही सहभाग होता, असे दिसले की देशात वर्षाला सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात होतात आणि त्यांपैकी जेमतेम २२ टक्के दवाखान्यात किंवा रुग्णालयात होतात. सुमारे ७३ टक्के स्त्रिया रुग्णालयाबाहेर गोळ्या घेतात. गोळ्या घरी घेतल्या म्हणून तो गर्भपात असुरक्षितच असतो असे नाही. पण इतक्या स्त्रिया डॉक्टरांच्या दारापर्यंत येत नसतील, तर ते दार कोणी आणि कशाने अडवले आहे, हे आधी डॉक्टरांच्या संघटनेने पाहायला हवे.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या राष्ट्रीय महासंघाची स्थापना १९५० मध्ये झाली, त्याचे मुख्यालय मुंबईत आहे आणि गर्भपाताच्या विषयासाठी त्याची स्वतंत्र समितीही आहे. दिल्लीत निवेदने देणे, मसुद्यांवर मते कळवणे ही कामे महासंघ करतो. पुढील मजकूर मात्र जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पातळीवरील संलग्न संघटनेच्या अध्यक्ष-सचिवांसाठी आहे, कारण कायद्याने दिलेली सेवा बहुतेक वेळा अडते ती तालुक्याच्या दवाखान्यात, औषधाच्या दुकानात आणि पोलीस ठाण्यात.

सुरुवात आपल्याच सभासदांपासून

शासनाकडे जाण्यापूर्वी मासिक सभेत एक निनावी प्रश्नावली वाटावी. त्यात प्रश्न अगदी साधे असावेत: गर्भपातापूर्वी तुम्ही पतीची सही घेता का, आधार कार्डाची प्रत मागता का, अविवाहित मुलीला परत पाठवता का, बलात्काराची तक्रार असेल तर आधी पोलिसांत नोंद झाल्याचा कागद आणायला सांगता का? उत्तरे वाचून अनेक पदाधिकारी अवघडतात, आणि ते अवघडणे उपयोगाचे असते. कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. ती ‘नमुना सी’वर घेतली जाते. पालकाची संमती लागते ती केवळ अल्पवयीन मुलीच्या किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत. पतीच्या, सासूच्या किंवा भावाच्या सहीची तरतूद कायद्यात कुठेही नाही. ‘उद्या नवरा येऊन गोंधळ घालील’ या भीतीपोटी ही अट डॉक्टरांनी स्वतःच निर्माण केली आहे, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्याबाहेरच्या अटी घालण्यावर स्पष्ट शब्दांत टीका केली आहे. त्याच निकालाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या टप्प्यात अविवाहित स्त्रियांनाही विवाहितांइतकाच हक्क असल्याचे सांगितले.

प्रश्नावलीनंतर संघटनेने एक पानी मराठी तक्ता छापून प्रत्येक सभासदाच्या टेबलावर पोहोचवावा. त्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतरची स्थिती असावी: वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत, वीस ते चोवीस आठवड्यांदरम्यान नियमांत सांगितलेल्या गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळाचा निर्णय. गर्भनिरोधक अयशस्वी ठरल्याचे कारण पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरते होते, ते आता ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे झाले आहे; हा बदल ठळक अक्षरांत छापावा, कारण तो अनेकांच्या लक्षातच आलेला नाही.

ज्या सभासदाला वैयक्तिक श्रद्धेमुळे गर्भपात करायचा नसेल त्याच्यावर जबरदस्ती करू नये. परंतु त्याने त्या स्त्रीला वेळ न दवडता दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलेच पाहिजे, अशी भूमिका स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या जागतिक महासंघाने नीतितत्त्वांमध्ये घेतली आहे आणि स्थानिक संघटनेने ती ठरावाने स्वीकारावी. याच सभेत क्युरेटिंगचा, म्हणजे धातूच्या उपकरणाने गर्भाशय खरवडण्याच्या पद्धतीचाही विषय काढावा. जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षांपासून त्याऐवजी निर्वात (गर्भ ओढून काढण्याची) पद्धत किंवा गोळ्या वापरण्यास सांगते, तरी कित्येक खासगी दवाखान्यांत अजून जुनीच पद्धत चालते. सुरक्षित गर्भपाताची मागणी करणाऱ्या संघटनेच्या सभासदांनी तीच वापरत राहणे शोभत नाही.

शब्द जपून वापरावेत

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत मोठी गुंतागुंत शब्दांची आहे. मुलींचे घटते प्रमाण ही खरी आणि गंभीर समस्या होती व आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातील पहिले राज्य ठरले आणि त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. पण प्रचाराच्या ओघात ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द भिंती, एसटी स्थानके, शाळांच्या निबंधस्पर्धा असा सगळीकडे पोहोचला आणि सामान्य माणसाच्या मनात गर्भपात म्हणजे हत्या, आणि म्हणून गुन्हा, असे समीकरण बसले. ‘पिशवी साफ करायची आहे’ असे दबक्या आवाजात सांगणाऱ्या बाईला आपण कायदेशीर सेवा मागत आहोत हे ठाऊकच नसते.

म्हणून संघटनेने आपल्या पत्रांत, भाषणांत आणि वृत्तपत्रांना दिलेल्या निवेदनांत ‘गर्भलिंगनिवड’ किंवा ‘लिंगनिवडक गर्भपात’ असे शब्द वापरावेत आणि ‘भ्रूणहत्या’ हा शब्द सोडून द्यावा. गुन्हा आहे तो लिंग शोधून काढण्याचा. कायद्याच्या अटींत बसणारा गर्भपात गुन्हा नाही. दवाखान्यात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा सक्तीचा फलक असतोच. मान्यताप्राप्त केंद्रांनी त्याशेजारी ‘येथे कायद्यानुसार गर्भपाताची सेवा मिळते’ असाही फलक लावावा. संघटनेच्या अध्यक्षांनी तो पहिल्यांदा आपल्याच रुग्णालयात लावावा. इतर सभासद मग आपोआप धीर करतात.

जिल्ह्यातील चार दारे

पहिले दार जिल्हास्तरीय समितीचे. खासगी रुग्णालयाला गर्भपात केंद्र म्हणून मान्यता ही समिती देते. नियमांनुसार समितीत तीन ते पाच सदस्य असतात, त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक किंवा भूलतज्ज्ञ यांपैकी एक हवा आणि किमान एक स्त्री सदस्य हवी. उरलेले स्थानिक वैद्यकीय व्यावसायिक, स्वयंसेवी संस्था आणि पंचायत राज संस्थांमधून येतात. संघटनेने प्रथम ही समिती अस्तित्वात आहे का, तिची मुदत संपली आहे का आणि शेवटची बैठक कधी झाली, हे लेखी विचारावे. गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. नंतर रखडलेल्या अर्जांची तारीखवार यादी द्यावी. ‘मान्यता लवकर द्यावी’ असे मोघम निवेदन फाइलमध्ये जाऊन पडते. ‘पुढील अर्ज अमुक तारखेपासून पाहणीविना पडून आहेत’ असे लिहिले की त्याला उत्तर द्यावे लागते.

दुसरे दार अन्न व औषध प्रशासनाचे. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळीचे बेकायदा गर्भलिंगनिदान व गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आल्यानंतर राज्यात औषध विक्रेत्यांवरील तपासणी कडक झाली आणि अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. या ठिकाणी संघटनेजवळ भक्कम वैद्यकीय युक्तिवाद आहे आणि तो तिने लेखी मांडावा. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल यांचा संयुक्त संच नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी वापरला जातो, तर सोनोग्राफीत गर्भाचे लिंग भरवशाने दिसू लागते ते त्यानंतर काही आठवड्यांनी. तेव्हा लिंगनिवड रोखण्यासाठी या गोळ्या दुकानातून हद्दपार केल्याने लिंगनिवड थांबत नाही. केवळ लवकर आलेली स्त्री उशिरा येते आणि तिच्यासाठी धोका वाढतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री होऊ नये हा प्रशासनाचा आग्रह रास्त आहे आणि संघटनेने त्याला पाठिंबाच द्यावा. मागणी इतकीच असावी की चिठ्ठीवर विकणाऱ्याला त्रास होऊ नये. औषध विक्रेत्यांच्या संघटनेला या बैठकीत सोबत घेतल्यास वजन वाढते.

तिसरे दार पोलीस अधीक्षकांचे. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असल्याचे समजताच पॉक्सो या बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार डॉक्टरांनी कळवणे बंधनकारक आहे, आणि याच धास्तीने अनेक डॉक्टर अशा मुलीला हातही लावत नाहीत. वर सांगितलेल्या २०२२ च्या निकालाने यावर मार्ग काढला आहे: मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी अहवालात तिचे नाव व ओळख देण्याची गरज नाही. तरीही ठाण्यातील अंमलदार नाव मागतातच, कारण त्यांच्यापर्यंत हा निकाल पोहोचलेला नसतो. संघटनेने निकालातील संबंधित परिच्छेदांचा मराठी सारांश करून अधीक्षकांची भेट घ्यावी आणि सर्व ठाण्यांना परिपत्रक काढण्याची विनंती करावी. भेटीला एक वकील आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा प्रतिनिधी असावा. एकट्या डॉक्टरांचे म्हणणे तिथे ‘आपल्या माणसांना वाचवण्यासाठीचे’ वाटण्याचा संभव असतो.

चौथे दार आशा कार्यकर्त्यांचे आणि परिचारिकांचे. ते सर्वांत सोपे आहे. तालुक्याच्या बैठकीत अर्धा तास मागावा आणि जवळचे मान्यताप्राप्त केंद्र कोणते, एवढेच नीट सांगावे.

न्यायालय आणि विधिमंडळ

वीस आठवड्यांची मर्यादा ओलांडलेल्या एका स्त्रीसाठी मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांची मागणी त्या वेळी फेटाळली गेली. कायदा बदलायला २०२१ उजाडले. मधल्या वर्षांत अनेक स्त्रियांना एकेक करून न्यायालयात जावे लागले आणि त्या प्रकरणांमधूनच दुरुस्तीची गरज दिसत गेली. यातून संघटनेने घ्यायचे ते असे की सभासदांकडे येणाऱ्या अडलेल्या प्रकरणांची, ओळख पूर्णपणे वगळून, नोंद ठेवावी: किती आठवडे, कुठे अडले, किती दिवस गेले. संसदेच्या समितीपुढे किंवा न्यायालयापुढे भाषणापेक्षा ही वही अधिक बोलते. मात्र गर्भपाताच्या कायद्याच्या कलम ५ अ नुसार स्त्रीची ओळख उघड करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे, तेव्हा गावाचे नाव आणि वय एकत्र आले तरी छोट्या तालुक्यात ओळख पटते, हे लक्षात ठेवावे.

वैद्यकीय मंडळांवर आपलेच सभासद बसतात. मंडळाने तीन दिवसांत निर्णय द्यायचा आणि पाच दिवसांत प्रक्रिया पार पडेल हे पाहायचे, असे नियम आहेत; ते पाळले जातात का, यावर संघटनेने लक्ष ठेवावे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाचे प्रतिकूल मत बाजूला सारून गंभीर व्यंग असलेला सुमारे ३२ आठवड्यांचा गर्भ काढण्याची परवानगी दिली आणि निवड करण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नाही, असे म्हटले. मंडळावर जाणाऱ्या प्रत्येक सभासदाने तो निकाल वाचलेला असावा.

एक कडू गोष्टही इथे नोंदवली पाहिजे. २०१४ च्या दुरुस्ती मसुद्यात प्रशिक्षित परिचारिका आणि आयुष डॉक्टरांना सुरुवातीच्या आठवड्यांतील गर्भपाताची परवानगी देण्याचा प्रस्ताव होता आणि त्याला डॉक्टरांच्या संघटनांमधूनच विरोध झाला. गुणवत्तेची चिंता खोटी नव्हती, परंतु जागतिक आरोग्य संघटना प्रशिक्षित परिचारिकांकडून ही सेवा सुरक्षितपणे देता येते असे सांगत असताना, ज्या तालुक्यांत एकही स्त्रीरोगतज्ज्ञ नाही तिथे आपला पर्याय काय, हे संघटनांनी पटेल असे सांगितले नाही. पुढचा मसुदा येईल तेव्हा आपल्या व्यवसायाचे हित आणि रुग्णाचे हित कुठे वेगळे पडते, यावर कार्यकारिणीने बंद दाराआड का होईना, आधी चर्चा करावी. मुंबईच्या सेहतसारख्या आरोग्यविषयक अभ्यास करणाऱ्या संस्थांना अशा चर्चेला बोलावल्यास ऐकायला अप्रिय पण उपयोगी असे काही तरी हाती लागते.

शेवटी दप्तराविषयी. संघटनांचे पदाधिकारी ठरावीक काळाने बदलतात आणि नव्या सचिवाला जुन्या पत्रांचा पत्ता नसतो; त्यामुळे शासनाकडे दरवेळी तेच पहिले निवेदन नव्याने जाते. प्रत्येक पत्राचा जावक क्रमांक, पोचपावती, कोणत्या अधिकाऱ्याशी कोणत्या तारखेला काय बोलणे झाले आणि पुढची तारीख कोणती, हे एका वहीत लिहावे आणि पदग्रहणाच्या दिवशी ती वही नव्या सचिवाच्या हाती द्यावी.