प्रथमफळाचा अर्थ लावताना या चुका टाळा

पवित्र शास्त्राच्या अभ्यासवर्गांत मी बरीच वर्षे शिकवत आहे, आणि भविष्यवाणीचा विषय निघाला की ‘प्रथमफळ’ या शब्दापाशी त्याच त्या चुका होताना पाहतो. नव्या करारात हा शब्द जेमतेम आठ-नऊ ठिकाणी येतो, पण त्याच्या आधारे रचलेले तक्ते आणि सिद्धांत ऐकले की जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायाकडे कोणी फिरकलेच नाही, अशी खात्री पटते. कापणीची पहिली पेंढी, म्हणजेच प्रथमफळ, याजकाकडे आणायची, त्याने ती परमेश्वरासमोर ओवाळायची, आणि तोवर नव्या पिकाची भाकर, भाजलेले दाणे किंवा ताजी कणसे यांतले काहीही खायचे नाही, अशी तिथली आज्ञा आहे. म्हणजे शेतात उभे असलेले सगळे पीक त्या एका पेंढीसाठी थांबलेले असते. पेंढी आणि शेत यांचे हे नाते नजरेआड झाले की पुढच्या सगळ्या चुका ओघानेच होतात.

सर्वांत जास्त त्रास देणारी चूक म्हणजे प्रथमफळावरून तारखा काढणे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक तरुण गुंडाळलेला मोठा कागद घेऊन आला. वल्हांडण, बेखमीर भाकरी, प्रथमफळ आणि पन्नासावा दिवस (पेंढीनंतर पन्नासाव्या दिवशीचा सण) हे चार यहूदी सण येशूच्या वधस्तंभापासून पवित्र आत्म्याच्या आगमनापर्यंत नेमक्या दिवशी पूर्ण झाले, तेव्हा पुढच्या घटनाही अशाच दिवसांवर पडणार, असे त्याने लाल आणि निळ्या शाईने मांडले होते. कागदाच्या उजव्या कडेला विश्वासणारे वर उचलले जाण्याचा एक ठरावीक दिवस चौकटीत लिहिला होता. मी त्याला एवढेच विचारले की, प्रथमफळाची तारीख तू कुठून घेतलीस? लेवीयच्या त्या अध्यायात वल्हांडणाला पहिल्या महिन्याचा चौदावा दिवस आहे आणि बेखमीर भाकरीच्या सणाला पंधरावा, पण पेंढीच्या दिवसाला तारीखच नाही. तुम्ही त्या देशात जाल आणि पिकाची कापणी कराल तेव्हा, ‘शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी’, एवढेच तिथे म्हटले आहे. हा शब्बाथ कोणता, यावर खुद्द यहूद्यांमध्येच एकमत नव्हते. परुशी या यहूदी पंथाच्या मते तो सणाचा पहिला दिवस होता, म्हणून त्यांची पेंढी निसान, म्हणजे त्या पहिल्याच, महिन्याच्या 16 तारखेला; सदूकी या दुसऱ्या पंथात तो आठवड्याचा नेहमीचा शब्बाथ धरला जाई, म्हणून त्यांची पेंढी कायम रविवारी. यरुशलेमचे मंदिर उभे असताना, ज्यांच्या हातात विळा होता त्यांच्यातच हा वाद होता. आपण तो पट्टीने रेघ मारून मिटवणार का?

तो निरुत्तर झाला, पण त्याचे मत काही बदलले नाही. माझेही चुकले. त्याचा उत्साह मोडू नये म्हणून मी विषय तिथेच सोडला आणि वर्गापुढे स्पष्ट काही बोललो नाही. चौकटीतला दिवस आला आणि गेला, आणि त्यानंतर तो वर्गाला आला नाही. कितीतरी महिने त्याने शास्त्र उघडलेही नाही, असे पुढे त्यानेच मला सांगितले. तेव्हापासून असा कागद कोणी उघडला की मी तिथल्या तिथे थांबवतो. प्रेषित पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्ताला महानिद्रा घेतलेल्यांतले, म्हणजे मेलेल्यांतले, प्रथमफळ म्हणतो, तेव्हा तो क्रम सांगतो: प्रथमफळ ख्रिस्त, मग त्याच्या आगमनाच्या वेळी जे त्याचे आहेत ते, मग शेवट. क्रम आणि तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्यांना शिकण्याआधीच उत्तर हवे असते त्यांना हा फरक नेमका दिसत नाही.

याच अध्यायावरून आणखी एक प्रश्न नेहमी येतो: येशूनेच मेलेल्यांतून उठवलेला लाजर तर येशूच्या आधी उठला, मग येशू पहिला कसा? लाजर पुन्हा मरण्यासाठी उठला. पेंढी आणि पीक एकाच जातीचे असते, म्हणून जे पुनरुत्थान पुढे सर्वांना मिळायचे आहे, तेच आधी ख्रिस्ताच्या ठायी दिसले पाहिजे.

प्रथमफळ आणि दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) यांची गल्लत करू नका. प्रथमजन्मलेला आणि प्रथमफळ यांचीही नको.

दुसरी माझ्या जिव्हारी लागणारी चूक म्हणजे प्रथमफळ म्हणजे निवडक, वरच्या पायरीवरचे लोक, असा अर्थ करणे. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायात, 1,44,000 जणांना देवासाठी व कोकऱ्यासाठी (म्हणजे ख्रिस्तासाठी) प्रथमफळ म्हटले आहे, आणि त्यावरून कितीतरी गटांनी स्वतःला त्या आकड्यात बसवून बाकीच्यांना बाहेर काढले आहे. असे करणाऱ्यांना मी त्याच अध्यायातले पंधरावे वचन मोठ्याने वाचायला लावतो: पृथ्वीचे पीक पिकले आहे, विळा चालव. सातव्या अध्यायातही त्या आकड्याच्या लगेच पुढे कोणाला मोजता येणार नाही असा मोठा लोकसमुदाय उभा आहे. पेंढी ओवाळून शेत तसेच सोडून दिले, असे कोणत्या शेतकऱ्याने केले आहे? म्हणून हा शब्द आला की मी समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहितो, ‘उरलेले पीक कुठे?’, आणि त्याचे उत्तर त्याच उताऱ्यात सापडेपर्यंत पुढे जात नाही.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात हा प्रश्न फार उपयोगी पडतो. तिथे पौल म्हणतो की ज्यांना आत्मा हे प्रथमफळ मिळाले आहे, ते आपणही शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहोत. पूर्ण आरोग्य आणि पूर्ण विजय आजच हक्काने मागा, असे शिकवणारे हे कण्हणे गाळून पुढे जातात. मुठीत आलेली पेंढी खरी असते, पण कोठार अजून रिकामे असते. इतरत्र पौल याच आत्म्याला विसार म्हणतो, आणि विसार म्हणजे काय हे व्यवहार केलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

पन्नासाव्या दिवशी ओवाळायच्या दोन भाकरी खमीर घालून भाजलेल्या असत. त्या दोन म्हणजे यहूदी आणि परराष्ट्रीय (यहूदी नसलेले), हा अर्थ मलाही आवडतो, पण शास्त्र तसे कुठे म्हणत नाही, म्हणून मी त्यावर काहीही उभारत नाही.

आणि प्रथमफळाचे दान द्या म्हणजे वर्षभर भरभराट होईल, असे सांगून पैसे गोळा करणाऱ्यांना मी जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय दाखवतो. तिथे टोपली घेऊन आलेला माणूस पुढे काय मिळणार हे बोलतच नाही. आपला पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आपण दास होतो, परमेश्वराने बाहेर काढून हा देश दिला, एवढे म्हणून तो टोपली ठेवतो आणि लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला माणूस) व उपरा यांच्यासह आनंद करतो. करिंथकरांच्या त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात स्तेफनाच्या घराण्याला अखया या ग्रीसमधल्या प्रांताचे प्रथमफळ म्हटले आहे, आणि त्यांच्याविषयी पौल पुढे एवढीच गोष्ट नोंदवतो की त्यांनी पवित्र जनांच्या सेवेला स्वतःला वाहून घेतले होते.