डोकं शांत करायला शहर बांधताय? मग या चुका टाळा

संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकातून गाडी काढून घरी आलेल्या माणसाला परत स्क्रीनवर ट्रॅफिक जॅम सोडवायला लावणं ही शिक्षाच आहे, पण "रिलॅक्स व्हायला शहर बांधायचा एखादा गेम" म्हणून लोक नेमका तोच प्रकार उचलतात आणि मग म्हणतात गेमिंग आपल्यासाठी नाही. गेमिंगचा दोष नाही हो, निवड चुकते.

माझी कसोटी साधी आहे. गेम चालू ठेवून, पॉज न करता, चहा टाकायला उठा. दहा मिनिटांनी परत आल्यावर गाव जसंच्या तसं असेल तर गेम शांत. परत आल्यावर तिजोरी रिकामी, दोन ठिकाणी आगी आणि निम्मी जनता गाव सोडून चाललेली असेल तर तो कितीही गोड दिसू दे, थकलेल्या डोक्यासाठी तो नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका ही कसोटी न लावल्यामुळेच होतात.

चित्र बघून भुलणं

मिनी मोटरवेज बघा, रस्ते आखून घरातल्या गाड्या त्याच रंगाच्या इमारतीपर्यंत पोचवायचा गेम. फिकट रंग, बोटाएवढी घरं, मऊ आवाज, स्क्रीनशॉट बघून वाटतं हा झोपायच्या आधी खेळावा. पहिली काही मिनिटं खरंच मस्त जातात, मग लाल घरं एका टोकाला आणि लाल इमारत दुसऱ्या टोकाला, मधे नदी, हातातले पूल संपलेले, इमारतीच्या डोक्यावर पिना साचत चालल्यात आणि गाड्या वेळेत पोचल्या नाहीत की खेळ खल्लास. गेम भारी आहे, वादच नाही, पण तो घड्याळाशी झुंजायचा गेम आहे. एवढाच आवडत असेल तर त्यात एंडलेस मोड आहे, म्हणजे खेळ खल्लास होतच नाही, तो लावा, त्याच लोकांच्या मिनी मेट्रोमध्येही आहे.

डॉर्फरोमँटिकचंही थोडं तसंच, म्हणजे घड्याळ नाही पण हातातल्या षटकोनी टाईल्सची गड्डी कमी कमी होत जाते आणि ती संपली की गाव तिथेच थांबतं. काही लोकांना तेवढीही टांगती तलवार नको असते, त्यांनी सरळ क्रिएटिव्ह मोड उघडायचा. हा बर्लिनच्या एका छोट्या टीमचा गेम, 2022 मध्ये पूर्ण स्वरूपात आला, आणि रेल्वेचा रूळ रुळाला जुळला की जे बरं वाटतं ते खेळल्याशिवाय कळायचं नाही. 2019 चा आयलँडर्सही याच पंगतीतला, त्यात गुण कमी पडले की बेट संपतं, पण सँडबॉक्स मोडमध्ये, म्हणजे अटी न ठेवता मोकळं बांधायच्या प्रकारात, तो प्रश्नच येत नाही.

आता उलट टोक. माझा मावसभाऊ अंबडला, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीत शिफ्टला असतो, तो मला म्हणाला, "दादा, एखादा शांत गेम सांग ना, पण त्यात टार्गेट नको, ते दिवसभर असतंच." मी सांगेपर्यंत त्याने कुठूनतरी शोधून फ्रॉस्टपंक घेतलासुद्धा, कारण यादीत "सिटी बिल्डर" लिहिलं होतं. दोन-चार दिवसांनी मेसेज, "माझी माणसं गारठून मेली रे, उरलेली मला हाकलायला निघालीत." फ्रॉस्टपंकमध्ये कोळशाची भट्टी विझू न देता गोठत चाललेलं शहर जगवायचं असतं, लहान पोरांना कामाला लावायचं का असले निर्णय घ्यायचे असतात, 2018 चा अफलातून गेम आहे, पण रात्रपाळी करून आलेल्या माणसासाठी नाही. बॅनिश्डमध्ये हिवाळ्यात सरपण कमी पडलं की लोक गारठून मरतात, अगेन्स्ट द स्टॉर्ममध्ये राणीचा संयम सुटत चाललेला पट्टीवर दिसत राहतो. तेव्हा "सिटी बिल्डर" एवढ्याच टॅगवर जाऊ नका, शेजारी "सर्व्हायव्हल" (जगून दाखवा) किंवा "रोगलाईट" (हरलात की नव्याने सुरुवात) दिसला की हात मागे, "सँडबॉक्स", "कोझी" (निवांत) दिसलं तर पुढे वाचा. आणि चांगल्यापेक्षा वाईट रिव्ह्यू आधी वाचा. "यात करायला काहीच नाही, ध्येयच नाही" अशी तक्रार असेल तर तो बहुतेक तुमचाच गेम.

ध्येय नसलेल्या गेममध्ये ध्येय शोधत बसणं

टाउनस्केपर घेतला आणि "पण करायचं काय यात?" म्हणून बंद केला, असं खूप जणांचं होतं. ऑस्कर स्टॉलबर्ग नावाच्या एकट्या स्वीडिश माणसाने केलेला हा गेम, 2021 मध्ये पूर्ण आला, यात पैसे नाहीत, माणसं नाहीत, लेव्हल नाहीत. समुद्र आहे आणि डावीकडे रंग आहेत. पाण्यावर क्लिक केलं की टप्पकन चौथरा उभा राहतो, त्यावर परत क्लिक केलं की घर, अजून एक की मजला. खालचा मजला काढून टाका, वरचं घर पडत नाही, त्याला आपोआप खांब येतात. मधली जागा मोकळी ठेवून चारी बाजूंनी घरं बांधा, आत हिरवं अंगण तयार होतं, अगदी आपल्या जुन्या नाशकातल्या वाड्याचा चौक. थोडं थांबलात तर छपरावर पक्षी येऊन बसतात. बस्स. एवढंच आहे आणि एवढंच पुरतं.

अडकायला होत असेल तर स्वतःला एखादा छोटा विषय द्या. सराफ बाजाराच्या मागच्या बोळासारखी गल्ली करा, चिंचोळी, वळत जाणारी, दोन्हीकडे तीन मजले. यातली जाळी मुळात वाकडीतिकडी असल्यामुळे असल्या गल्ल्या सुंदर येतात, सिडकोसारख्या सरळ रांगा करायला गेलात तर वैताग येईल. काठावर पायऱ्यांसारखं काहीतरी उतरवून रामकुंडाचा भास होईल एवढं करता येतं. फक्त टेकड्या नाहीत, त्यामुळे "नाशिक नव टेकांवर वसविले" छापाचं गाव हवं असेल तर टायनी ग्लेड बघा, 2024 चा, त्यात जमीन हाताने उचलता-दाबता येते आणि भिंतीतून रस्ता नेला की कमान आपली आपण उघडते. टाउनस्केपर विकत घ्यायच्या आधी ब्राउझरमध्ये त्याची छोटी फुकट आवृत्ती आहे ती खेळून बघा, पाच मिनिटांत कळतं जमतंय की नाही.

मोठा गेम घेतला आणि कुलूप काढलंच नाही

सिटीज स्कायलाईन्स वाईट नाही. उलट रस्ते, बस, नदी, पूल असं खरं शहर ज्यांना हवंय त्यांना 2015 चा पहिला भाग अजूनही पुरून उरतो. फक्त तो जसा येतो तसा खेळला तर डोक्याला ताप, कारण बजेट सांभाळा, लोकसंख्या वाढेल तशा एकेक गोष्टी उघडा. हे बंद करता येतं आणि त्यासाठी बाहेरून काही डाउनलोड करावं लागत नाही. पहिल्या भागात मेन मेनूतल्या कंटेंट मॅनेजरमध्ये मॉड्समध्ये (गेमचे नियम बदलणाऱ्या जोडण्या) जा, "अनलिमिटेड मनी" आणि "अनलॉक ऑल" दोन्ही आधीच ठेवलेले असतात, टिक करा. अचिव्हमेंट मिळत नाहीत मग, नकोच आहेत. दुसऱ्या भागात नवीन शहर सुरू करतानाच हे पर्याय विचारतात. आणि पॉज करून बांधा, गेम थांबलेला असतानाही रस्ते, घरांच्या पट्ट्या सगळं टाकता येतं, ही सवय लागली की घाई उरत नाही, आणि तिजोरी रिकामी व्हायची भीती नसल्यामुळे चहाच्या कसोटीतही हा गेम बराचसा तरतो.

तरी काही तक्रारी येतातच, त्या नेहमीच्या आहेत.

"लोक आजारी पडतायत, दवाखाने बांधले तरी कमी होत नाही." सांडपाण्याचा पाईप नदीच्या वरच्या अंगाला आणि पिण्याचा पंप खालच्या अंगाला टाकलाय, बघा जाऊन. नकाशावर पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते बाण दाखवतात. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी गावाच्या वरून येतं आणि मलनिस्सारण खाली तपोवनाकडे, हा क्रम डोक्यात ठेवला की चूक होत नाही. पंप उचलून वर नेला तरी आधीचं घाण पाणी पुढे वाहून जायला वेळ लागतो, तेवढं थांबा.

"अचानक सगळीकडे कवट्यांची चिन्हं." याला खेळणारे डेथ वेव्ह म्हणतात. तुम्ही एकदम हजारो घरांची हिरवी पट्टी ओढली, सगळे एकाच वयाचे लोक एकदम राहायला आले, सगळे एकदम म्हातारे झाले. स्मशानं वाढवून तात्पुरतं भागतं, खरा उपाय म्हणजे वस्ती थोडी थोडी वाढवणं. शांतपणे खेळणाऱ्याला ते जमतंच, घाई कुणाला आहे.

"ट्रॅफिक." हां, आता हे. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन्ही हायवे द्वारकेला भेटतात आणि तिथे काय होतं ते आपण रोज बघतो, तरी गेममध्ये प्रत्येक नवा माणूस हायवेवरून एकच रस्ता उतरवून त्याच्या पहिल्याच चौकात बाजार, कारखाने आणि घरं तिन्ही जोडतो. कारखान्यांना वेगळी एक्झिट द्या, अंबड-सातपूरचे ट्रक कॉलेज रोडवरून जात नाहीत ना, तसं. पहिल्या भागातल्या गाड्या निघतानाच रस्ता ठरवून निघतात, पुढे जॅम आहे म्हणून वळत नाहीत, त्यामुळे बाजूला रिकामा रस्ता दिला तरी त्या तिकडे ढुंकून बघत नाहीत आणि तुम्ही चिडता. चौक कमी करा, चौकांमधलं अंतर वाढवा. आणि तरी जॅम राहिलाच तर राहू द्या, पैसे अनलिमिटेड आहेत, कोण विचारणार आहे.

मोबाईलवर "फुकट" बघून घेणं

फुकटच्या बहुतेक शहर-गेमचा धंदा तुमच्या अधीरपणावर चालतो. दुकानात खिळे बनायला इतकी मिनिटं, घर वाढवायला अमुक सामान, थांबायचं नसेल तर हिरवे पैसे, ते संपले की खरे पैसे. सिमसिटी बिल्डइट याच पद्धतीचा, पुष्कळ लोक आवडीने खेळतात, पण टायमर लागलेला गेम खिशात आला की बँकेच्या रांगेतही हात तिकडेच जातो. ज्याला शांतता हवी त्याने एकदाच पैसे भरून घ्यायचे गेम बघावेत. टाउनस्केपर मोबाईलवर आहे, पॉकेट सिटीची पैसे भरून घ्यायची आवृत्ती आहे, तिच्यात जाहिराती नाहीत, टायमर नाहीत. आईला किंवा मावशीला घेऊन देणार असाल तर टाउनस्केपरच, कारण वाचायला काही नाही, चुकायला काही नाही.

फोन तापत असेल तर चार्जिंगला लावून खेळू नका, ब्राइटनेस उतरवा, सेटिंगमध्ये फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) 30 वर आणता येत असेल तर आणा. या गेममध्ये 30 आणि 60 चा फरक तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही.

लॅपटॉप न बघता घेणं

टायनी ग्लेड दिसतो चिमुकला पण त्याला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. सिटीज स्कायलाईन्सचा दुसरा भाग 2023 मध्ये आला तेव्हा तगड्या मशीनवरही अडखळायचा म्हणून बरीच ओरड झाली होती, ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याच्या नादाला लागू नका. पहिल्या भागातही स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या वर्कशॉपमधून खेळणाऱ्यांनीच बनवलेली झाडं, देवळं, बंगले भरमसाट उतरवले की 8 जीबी रॅम कधीच भरते, मग लोडिंगलाच झोप येते. लॅग होत असेल तर आधी ते काढा, मग सावल्या कमी करा. ऑटोसेव्ह चालू आहे का तेही बघून ठेवा, डेस्कटॉपवर खेळताना लाईट गेली की कळतं त्याचं महत्त्व.

सेलमध्ये अख्खा गठ्ठा उचलणं

समर आणि विंटर सेलला मोठ्या गेमचे डीएलसी (मूळ गेमला वेगळी विकत मिळणारी भर) असलेले बंडल स्वस्त दिसतात, घेऊ नका. विमानतळ, बर्फ, विद्यापीठ, पार्क असं सगळं पहिल्याच दिवशी मेनूत आलं की नवा माणूस गांगरतो. मूळ गेम घ्या, महिनाभर खेळा, काय कमी वाटतंय ते कळलं की तेवढंच घ्या. स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. यात एक ग्यानबाची मेख आहे, गेम नुसता उघडा ठेवून तुम्ही जेवायला गेलात तरी तो वेळ धरला जातो, म्हणजे चहाची कसोटी घ्यायची ती पहिल्या तासातच घ्या आणि नाही पटलं तर गेम बंद करून लगेच रिफंडचा अर्ज टाका.