खुरपणीतला माठ जनावरांना घालायचा तर कोवळाच घाला, आणि उन्हाचा दिवस बघून

पाऊस सुरू होऊन वीस-पंचवीस दिवस झाले की पिकाच्या आधी माठच वर येतो, खुरपणी झाली की बांधावर ढीग लागतो आणि मग डोक्यात येतंच, एवढा हिरवागार पाला वाया चाललाय, गोठ्यात टाकला तर काय बिघडतंय. टाका की, वाईट चारा नाहीच तो. पण कुठला माठ, कुठून उपटलेला आणि कधी, हे न बघता पाटीभर ओतला तर मात्र पंचाईत होऊ शकते.

आधी चांगली बाजू. माठ गुडघ्याएवढा, पानांनी भरलेला, फुलोरा यायच्या आधीचा असेल तर कोरड्या वजनावर त्यात साधारण २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे लसूणघासाच्या बरोबरीचं. भुशात ते कसंबसं ३-४ टक्के भरतं. पण इथं एक गंमत आहे ती लक्षात घ्या, हिरव्या माठात ८५ टक्के तर पाणीच असतं. म्हणजे १० किलो हिरवा माठ घातला तर त्यातला कोरडा चारा दीड किलो, आणि त्यात प्रोटीन ३०० ग्रॅम. शेंगदाणा पेंडीच्या भाषेत बोलायचं तर साधारण ७०० ग्रॅम पेंड झाली. फुकटात मिळतंय म्हणून चांगलंच आहे, पण ४०० किलोच्या गाईला दिवसाला १०-१२ किलो कोरडा चारा लागतो, त्यामुळे नुसत्या माठावर पोट भरत नाही, वरून शेण पातळ होतं ते वेगळंच. सोबत कडबा किंवा वाळलेलं गवत पाहिजेच.

आता खरी गोष्ट. माठ हा खादाड गडी आहे, जमिनीतला नायट्रोजन ओढून घेतो आणि लगेच वापरता आला नाही तर नायट्रेटच्या रूपात साठवून ठेवतो, तेही जास्त करून देठात आणि बुडख्याकडे, पानात कमी. जनावराच्या पोटात या नायट्रेटचं आधी नायट्राइट होतं, मग अमोनिया. थोडं थोडं गेलं तर पोटातले जंतू ते निपटतात. एकदम जास्त गेलं की नायट्राइट साचतं, रक्तात उतरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच जाते. मग धाप लागते, जनावर थरथरतं, अडखळतं, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. हे सगळं काही तासांत होतं, त्यामुळे असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, चारा काढून घ्या, जनावराला पळवू नका आणि डॉक्टरांना बोलवा, शिरेतून मिथिलीन ब्ल्यू देतात त्यावर. गाभण जनावर यातून वाचलं तरी गाभडण्याची भीती राहते.

त्यामुळे जागा बघा. उकिरड्याच्या कडेचा, गोठ्याच्या सांडपाण्यावर वाढलेला माठ सगळ्यात टवटवीत दिसतो, आणि नेमका तोच सगळ्यात धोक्याचा! नुकताच युरिया टाकलेल्या वावरातला पण तसाच. झाडाच्या सावलीतला नको. तीन-चार दिवस आभाळ भरून राहिलंय, ऊन नाही, तर तेव्हा कापू नका, कारण ऊन नसलं की झाडाला नायट्रेट पचवता येत नाही. मोठी उघडीप पडून माठ कोमेजलाय आणि मग अचानक पाऊस झाला, तरी पण चार-पाच दिवस ऊन खाऊ द्या त्याला. कापायचा तर दुपारनंतर, आणि बुडख्याकडचा वीतभर भाग सोडून वरचा शेंडा-पाला घ्या. तणनाशक मारलेलं तण तर अजिबातच नको, नुसतं औषधाचं म्हणून नाही, काही तणनाशकांनी तणातला नायट्रेट पण वाढतो.

वाळवलं की विष उतरतं असं बरेच जण म्हणतात, तसं होत नाही, नायट्रेट वाळलेल्यात तसाच राहतो. मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) केला तर बराच कमी होतो, पण एकट्या माठाचा मुरघास पाणी जास्त असल्यामुळे नीट जमत नाही, मका किंवा ज्वारीच्या कुट्टीत मिसळावा लागतो. आणि हिरव्या कुट्टीचा ढीग रात्रभर ठेवून सकाळी घालायची सवय असेल तर ती मोडा, ढीग आतून तापतो, त्यातच नायट्रेटचं नायट्राइट व्हायला लागतं आणि ते कैकपटीने जास्त विषारी. कापलं त्याच दिवशी संपवा.

दुसरा भाग ऑक्झलेटचा, म्हणजे पाल्यातच असणाऱ्या एका क्षाराचा. माठात कॅल्शियम भरपूर दिसतं पण ऑक्झलेट त्याला बांधून ठेवतं, त्यामुळे दुभत्या जनावराला मिनरल मिक्श्चर बंद करायचं नाही. रोज पोटभर माठ खाल्ला तर किडनीवर पण येऊ शकतं. मी तरी एकूण हिरव्या चाऱ्याच्या चौथाईच्या वर जाऊ नका म्हणेन, सुरुवात दोन-तीन किलोपासून आणि आठवडाभरात हळूहळू वाढवत. उपाशी जनावरासमोर माठ आधी कधीच टाकू नका, पहिलं कडब्यानं पोट अर्धं भरू द्या मग हिरवं. शेळ्यांचं बरंय, त्या पानं निवडून खातात आणि देठ सोडून देतात.

काटेमाठ असेल तर फक्त अगदी कोवळा, नंतर पानाच्या बगलेतले काटे कडक होतात आणि तोंडात जखमा करतात. पाटी भरताना त्यात गाजरगवत आणि धोतरा आला नाही ना एवढं हातानं चाळून बघा, गाजरगवतानं दूध कडू होतं आणि धोतरा तर सरळ विषारीच.

फुलोरा, तुरा आलेला माठ गोठ्यात नेऊच नका. प्रोटीन उतरलेलं असतं, देठ दोरखंडासारखा होतो, आणि मोठ्या झाडावर लाखाच्या घरात बी धरतं, ते बी जनावराच्या पोटातून बरंचसं जिवंत बाहेर पडतं आणि शेणखताबरोबर पुन्हा त्याच वावरात जातं. असा माठ बी पिकायच्या आतच उपटून खतात टाका, आणि तो ढीग आतून हात लावू देणार नाही इतका तापायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी खुरपणीचा खर्च आपणच पेरला.